कंपनीचा सातबारा

गिरणीचे भाग घ्यावयाचे झाल्यास तिच्या धुराड्यातून धूर निघतो की नाही हे पाहावे, साखर कारखान्याचे घ्यावयाचे झाल्यास गळिताच्या हंगामात रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग कोठवर गेली आहे हे पाहावे, आणि बँकेचे घ्यावयाचे झाल्यास चेअरमनांचे सोयरेधायरे कोण कोण आहेत व त्यांपैकी कितीजणांनी कर्ज उचलले आहे याची गुपचूप चौकशी करावी, असा आमच्या वडिलांच्या पिढीचा सरळ आणि बहुतांशी उपयुक्त असा दंडक होता. परंतु जैवतंत्रज्ञानाच्या, म्हणजे सर्वजण ज्याला बायोटेक म्हणतात त्या व्यवसायातील एखाद्या लहानशा अमेरिकन कंपनीचे भाग घ्यावेत किंवा कसे, हा प्रश्न ज्याच्यापुढे उभा राहतो, त्या बिचाऱ्याला पाहावयास धुराडेही नसते आणि मोजावयास गाड्याही नसतात. कारण या कंपनीजवळ विकावयास माल नसतो, गिऱ्हाईक नसते, नफ्याचे तर नावच नको, आणि पुष्कळदा स्वतःची प्रयोगशाळासुद्धा नसते. असतो तो केवळ एक रेणू, त्याचे पेटंट, भाड्याच्या दोन खोल्या, आणि तो रेणू यथावकाश औषध ठरेल अशी पंधरा-वीस उच्चविद्याविभूषित मंडळींची अढळ श्रद्धा.

श्रद्धेचा भाव बाजारात ठरविण्याची ही प्रथा तशी फार पुरातन नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळची जेनेनटेक ही कंपनी रॉबर्ट स्वॉन्सन नावाच्या एका तरुण भांडवलतज्ज्ञाने आणि हर्बर्ट बॉयर नावाच्या एका शास्त्रज्ञाने १९७६ साली प्रत्येकी पाचशे डॉलर घालून काढली, आणि १४ ऑक्टोबर १९८० रोजी तिचे भाग ३५ डॉलर दराने विक्रीस आले, ते एका तासाच्या आत ८८ डॉलरवर जाऊन दिवसअखेर ७१ डॉलरच्या आसपास स्थिरावले. त्या दिवशी जगातील कोणत्याही औषधाच्या दुकानात या कंपनीची एक गोळी किंवा एक थेंब विकत मिळत नव्हता. पुढे १९८२ साली तिच्या विद्येतून निर्माण झालेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली, असंख्य मधुमेही रुग्णांचे कल्याण झाले, आणि श्रद्धावंतांची श्रद्धा सार्थ ठरली हे खरेच. परंतु त्या पहिल्या एका तासाच्या आठवणीने पुढील चार दशकांत किती भाविकांचे खिसे हलके झाले याची मोजदाद अद्याप कोणी केलेली नाही.

आपल्याकडची रीत निराळी. बायोकॉन ही कंपनी १९७८ साली बंगळुरात एका गॅरेजमध्ये दहा हजार रुपयांच्या भांडवलावर निघाली, तेव्हा तिने पपईच्या चिकापासून पपेन आणि माशांच्या अंतर्भागापासून आयसिंग्लास काढून ते विकावयास आरंभ केला. म्हणजे मोठमोठ्या औषधांची स्वप्ने पुढे पडली असली तरी पहिल्या दिवसापासून पावतीपुस्तक होते, आणि २००४ साली तिचे भाग बाजारात आले तेव्हा दाखविण्यासारखा ताळेबंदही होता. आधी दुकान आणि मग संशोधन, हा आपला क्रम. अमेरिकेत मात्र आधी संशोधन, मग आणखी संशोधन, आणि दुकानापूर्वी भागधारक. आता रिझर्व्ह बँकेने प्रत्येक रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी रक्कम पाठविण्याची मुभा दिलेली असल्यामुळे, आणि परदेशातील औषधचाचण्यांचे आकडे तक्त्यांत बसविण्याचे काम पुण्यात हिंजवडी-खराडीच्या कचेऱ्यांतही चालत असल्यामुळे, कोथरुडातील एखादा तरुण संख्याशास्त्रज्ञ रात्री बाराला बोस्टनच्या कंपनीचे भाग घेताना आढळला तर त्यात नवल मानण्याचे कारण उरलेले नाही.

या तरुणांपाशी बुद्धी आहे, संगणक आहे, आणि प्रत्येक रेणूची कुंडली त्यांना तोंडपाठ आहे. तथापि या विषयातील आम्हाला भेटलेला सर्वांत मर्मज्ञ परीक्षक यांपैकी कोणी नसून, सातारा जिल्ह्यातील एका तालुका कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. तलाठ्यांची दप्तरे तपासण्यात त्यांची हयात गेली. हल्ली ते वर्षातील निम्मा काळ न्यू जर्सीत एडिसन येथे आपल्या पुतण्याकडे असतात आणि उरलेला निम्मा काळ साताऱ्यात बसून एडिसनच्या थंडीची निंदा करतात. जीवशास्त्राशी त्यांचा संबंध प्रथिने डाळीत असतात एवढ्या माहितीपलीकडे जात नाही. परंतु त्यांचा एक सिद्धांत आहे, आणि तो असा की, कोणत्याही दस्तऐवजात जे ठळक अक्षरांत असते ते साहेबाच्या नजरेसाठी लिहिलेले असते आणि जे बारीक अक्षरांत असते ते कोर्टासाठी लिहिलेले असते. सबब शहाण्याने कोर्टासाठी लिहिलेले आधी वाचावे. कंपनीच्या चित्रमय सादरीकरणात शीर्षकाच्या पानानंतर लगेच, मुंगीच्या पावलांएवढ्या टंकात, या पुस्तिकेतील भविष्यविषयक विधानांवर कोणी विसंबून राहू नये अशा आशयाचे जे एक पान असते, आणि जे पाहताच सर्व जग बोटाच्या एका फटकाऱ्याने पुढे सरकते, त्या पानावर हे काका भिंग घेऊन अर्धा तास बसतात, आणि उठताना म्हणतात, “मनुष्य प्रामाणिक आहे. न होण्यासारख्या सगळ्या गोष्टी ओळीने लिहून दिल्यात.”

त्यांच्या मते कंपनी म्हणजे जमिनीचा तुकडा, आणि तिचा वार्षिक अहवाल म्हणजे सातबारा. नमुना बारावर, म्हणजे पिकाच्या बाजूला, लहान बायोटेक कंपनीच्या बाबतीत वर्षानुवर्षे ‘पड’ एवढाच शेरा असणार हे गृहीत धरून ते तिकडे पाहातही नाहीत. पाहतात ते नमुना सातकडे. जमीन मुळात कोणाची, फेरफार केव्हा झाला, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात कोणाकोणाची नावे दडून बसली आहेत?

मूळ मालकाचा प्रश्न त्यांना विशेष प्रिय आहे. पुतण्याने एकदा मोठ्या कौतुकाने त्यांना सांगितले की, अमुक कंपनीने हे औषध एका बड्या कंपनीकडून अगदी किरकोळ किमतीत मिळविले, त्यावर काका एवढेच म्हणाले, “जमीन इतकी पिकाऊ, तर पाटलाने विकली का?” या एका प्रश्नाची थोरवी समजण्यासाठी ॲक्झोव्हंट या कंपनीचा इतिहास पाहावा. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या बलाढ्य कंपनीने बाजूस टाकलेले अल्झायमरवरील एक औषध ॲक्झोव्हंटने २०१४ च्या अखेरीस रोख पन्नास लाख डॉलर आणि पुढील विक्रीत काही वाटा देण्याच्या बोलीवर घेतले, आणि २०१५ च्या जूनमध्ये बाजारात भाग विकून साडेएकतीस कोटी डॉलर उभे केले. त्या वेळेपर्यंत अमेरिकेतील बायोटेक कंपन्यांच्या इतिहासातील ती सर्वांत मोठी प्रथम भागविक्री होती. जो रेणू हिवाळ्यात अडगळीत पडला होता, तो उन्हाळ्यात अब्जावधींचा झाला; मध्यंतरी रेणूत काही फरक पडल्याचे ऐकिवात नाही. २०१७ च्या सप्टेंबरात मोठ्या चाचणीत औषध निष्फळ ठरले, भाग एका दिवसात सत्तर टक्क्यांहून अधिक कोसळला, आणि २०२० मध्ये कंपनीने स्वतःचे नावही बदलून घेतले. पाटलाने का विकली, हे पावणेतीन वर्षांनी सर्वांना समजले.

‘इतर हक्क’ या रकान्याविषयी अधिक लिहीत नाही. ज्या विद्यापीठात शोध लागला त्याचा विक्रीवर हिस्सा, ज्याने मध्यंतरी कर्ज दिले त्याचा पेटंटवर बोजा, ज्याने आणीबाणीत पैसे पुरविले त्याला पुढे स्वस्तात भाग घेण्याचा अधिकार, अशी ही नामावळी वाचून झाल्यावर कंपनीच्या भागधारकाचे नाव कुळाच्याही खाली येते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मात्र रोकडीच्या हिशेबाजवळ थोडे थांबले पाहिजे, कारण काकांच्या पद्धतीचे सारे लाघव तेथे दिसते. पुतण्या औषधाच्या यंत्रणेविषयी, म्हणजे तो रेणू पेशीच्या कोणत्या कुलपाला कोणती किल्ली लावतो याविषयी, तासभर रसाळ विवेचन करतो. काका ते सर्व आदरपूर्वक ऐकून घेतात आणि तिमाही विवरणपत्र मागवितात. त्यातून ते दोनच आकडे कागदाच्या पाठकोऱ्या तुकड्यावर उतरतात. समजा, शिल्लक रोकड ४ कोटी ८० लाख डॉलर, आणि तिमाहीचा खर्च १ कोटी २० लाख, भागाकार चार. “म्हणजे वर्षभर पुरेल,” काका म्हणतात. “चाचणीचा निकाल केव्हा?” निकाल दीड वर्षाने, असे पुतण्या सांगतो. “मग मधल्या सहा महिन्यांची सरबराई कोणी करायची?” पुतण्या गप्प बसतो, कारण सरबराई त्यालाच करावयाची आहे, कंपनी नवे भाग छापून विकणार, आणि त्याच्याजवळचा जो शंभरावा हिस्सा होता तो दीडशेवा होणार. हिशेबतपासनिसांनी जर अहवालात ही संस्था पुढे चालू राहील किंवा कसे याविषयी सबळ शंका असल्याचा शेरा मारलेला असेल, तर काका विवरणपत्र मिटून ठेवतात आणि चहाची चौकशी करतात.

याच रोकडीच्या टंचाईतून आणखी एक चमत्कार घडतो. नॅसडॅक बाजाराचा असा जाबता आहे की, भागाचा भाव सलग तीस कामकाजाच्या दिवसांत एका डॉलरच्या खालीच राहिला तर कंपनीस नोटीस मिळते आणि सुधारण्यास मुदत दिली जाते. औषध सुधारणे दुष्कर असल्यामुळे कंपनी भाव सुधारते: वीस जुन्या भागांचा एक नवा भाग करते, आणि साठ सेंटांची वस्तू एका रात्रीत बारा डॉलरची होते. पुतण्याने ही वार्ता सचिंत मुद्रेने सांगितली, तेव्हा काकांचा चेहरा प्रथमच उजळला. मुंबई राज्याच्या १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याखाली गावेच्या गावे एकत्र करण्याचे काम त्यांनी नोकरीच्या उमेदवारीत पाहिले होते. “वीस गुंठ्यांचे वीस तुकडे जोडले म्हणून विहिरीला पाणी लागत नाही,” असा अभिप्राय देऊन त्यांनी तो विषय निकालात काढला.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकाकडे वळू. औषधाची परीक्षा तीन पायऱ्यांनी होते: पहिल्या पायरीवर ते मुख्यतः अपाय करीत नाही ना हे पाहतात, दुसरीवर काही उपाय करते का याचा अदमास घेतात, आणि तिसरीवर शेकडो किंवा हजारो रुग्णांवर ते सिद्ध करावे लागते. माणसांवरील चाचणीपर्यंत पोहोचलेल्या औषधांपैकी अखेर मान्यतेचे तोंड पाहणारे साधारणपणे दहांत एक. आता उरलेल्या नवांचे काय झाले हे जर प्रसिद्धिपत्रकांवरून ठरवावयाचे म्हटले, तर त्या नवांचेही उत्तम चालले आहे असेच कोणाचेही मत होईल. औषध ‘रुग्णांना सुसह्य ठरले’ असे पहिल्याच ओळीत आले, म्हणजे त्याने कोणाचे बिघडविले नाही आणि कोणाचे सुधारलेही नाही. ‘उत्साहवर्धक कल दिसून आला’ म्हणजे आकडा हुकला. ‘संचालक मंडळ सर्व पर्यायांचा विचार करीत आहे’ म्हणजे जागेचा भाडेकरार संपत आला आहे. ज्याने तीस वर्षे ‘प्रकरण विचाराधीन आहे’ आणि ‘योग्य ती कार्यवाही यथावकाश करण्यात येईल’ असली वाक्ये केवळ वाचलीच नव्हेत, तर साहेबाच्या सहीसाठी स्वतः रचली, त्याला या पत्रकांत परकेपणा कसा वाटावा? पत्रक शुक्रवारी सायंकाळी बाजार मिटल्यावर आले आहे एवढे समजले की काका ते वाचण्याची तसदीही घेत नाहीत. त्यांच्या कचेरीतही नको त्या बदल्यांचे हुकूम शनिवारी दुपारीच निघत.

या वाङ्मयप्रकारातील मेरुमणी म्हणजे इंटरम्यून कंपनीचे २००२ च्या ऑगस्टमधील पत्रक. फुफ्फुसे घट्ट होत जाण्याच्या एका दुर्धर व्याधीवर तिचे औषध ३३० रुग्णांवर तपासले गेले. चाचणीपूर्वी जो मुख्य निकष मुक्रर केला होता, त्यावर ते उतरले नाही. तेव्हा आकड्यांची पुन्हा मांडामांड झाली आणि असे आढळले की, ज्यांचा आजार सौम्य वा मध्यम होता अशा रुग्णांपुरते पाहिल्यास मृत्यूंचे प्रमाण सत्तर टक्क्यांनी घटलेले दिसते. आणि पत्रकात ठळक स्थान मिळाले ते या सत्तर टक्क्यांना. हा पोटगट नंतर निवडलेला आहे, ही गोष्ट मुख्य गोष्ट झाली नाही. पुढे त्याच सौम्य-मध्यम रुग्णांची अधिक मोठी चाचणी घेतली गेली, आणि औषधाचा काही उपयोग दिसेना म्हणून २००७ मध्ये ती थांबवावी लागली. आणि २००९ मध्ये त्या एका पत्रकाबद्दल कंपनीच्या माजी मुख्याधिकाऱ्यास ज्यूरीने फसवणुकीचा दोषी ठरविले. केवळ विशेषणांच्या निवडीवरून मनुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो, हे ऐकून आमच्या ओळखीचे एक समीक्षक काही दिवस अस्वस्थ होते.

पोटगटांच्या या विद्येचा खरा उपहास शास्त्रज्ञांनीच करून ठेवला आहे. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन द्यावे की न द्यावे याविषयीची १७,१८७ रुग्णांची एक भव्य चाचणी १९८८ साली लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ॲस्पिरिनने प्राण वाचतात हे निःसंशय सिद्ध झाले. परंतु निरनिराळ्या पोटगटांचे निकाल निरनिराळे दाखविण्याचा आग्रह झाला, तेव्हा त्या संशोधकांनी रुग्णांची जन्मराशीवार विभागणी करून दाखविली, आणि तक्त्यात असे निघाले की मिथुन व तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा लाभ तर नाहीच, उलट किंचित अपायच आहे. आकडे पुष्कळ वेळा चिरले की त्यांतून काहीही निघते, हे दाखविण्याचा त्यांचा हेतू होता. काकांची रास तूळ. त्यांनी हा वृत्तांत गंभीरपणे ऐकून घेतला, मग तिकडची रास सूर्यावरून धरतात व आपली चंद्रावरून, तेव्हा हा निष्कर्ष आपल्याला लागू नाही असा निर्वाळा दिला, आणि डॉक्टरांनी नेमून दिलेली ॲस्पिरिनची गोळी पाण्याबरोबर घेतली.

कागद वाचून झाले की काका माणसांकडे वळतात, आणि येथे मात्र त्यांचे शास्त्रही कधीकधी चकते. कंपनीच्या संचालकांनी व अधिकाऱ्यांनी स्वतःचे भाग विकले तर दोन कामकाजाच्या दिवसांत तसे दाखल करावे लागते, ही तरतूद त्यांना फार आवडते. तलाठीच स्वतःची जमीन विकू लागला म्हणजे धरणाची आखणी कोठून गेली हे गावाला कळते, असे ते म्हणतात. इमक्लोन या कंपनीचे उदाहरण त्यांना म्हणूनच मुखोद्गत आहे. २००१ च्या सप्टेंबरात ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या मोठ्या कंपनीने इमक्लोनच्या कर्करोगावरील औषधासाठी करार करून तिचे भाग दर भागी ७० डॉलर देऊन घेतले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या औषधाचा अर्ज दाखल करून घेण्यासच नकार दिला. म्हणजे नामंजूर केला असे नव्हे, तर कागद अपुरे म्हणून टेबलावरूनच परत केला, ज्याचा अर्थ काकांना कोणी समजावून सांगावा लागला नाही. संस्थापक सॅम्युअल वॅक्सल यांना त्याचा सुगावा आधीच लागला होता, आणि त्यांच्या कुटुंबीयांची भागविक्री सुरू झाली होती. गृहशोभेच्या कलेत अमेरिकेची गुरुमाउली मानल्या गेलेल्या मार्था स्टुअर्ट यांनीही २७ तारखेला आपले जवळजवळ चार हजार भाग सुमारे ५८ डॉलर दराने विकून साधारण ४५ हजार डॉलरांचे नुकसान टाळले. वॅक्सल यांना सात वर्षांहून अधिक कारावास झाला. स्टुअर्टबाईंना पाच महिने झाला, तो भाग विकल्याबद्दल नव्हे, तर चौकशीत खोटे सांगितल्याबद्दल.

येथपर्यंत काका ही कथा मोठ्या समाधानाने सांगतात, आणि येथेच थांबणे त्यांना सोयीचे जाते. कारण ते औषध होते चांगले. कागद पुरे केले गेले, युरोपातील दुसऱ्या एका चाचणीने पुष्टी दिली, आणि २००४ च्या फेब्रुवारीत, न्यूयॉर्कच्या न्यायालयात बाईंचा खटला चालू असतानाच, त्याला मान्यता मिळाली. २००८ साली एली लिली कंपनीने अख्खी इमक्लोन विकत घेतली, आणि भाव दिला तो बरोबर ७० डॉलर. म्हणजे अर्ज परत आला, संस्थापक तुरुंगात गेला, सबंध देशात नाचक्की झाली, आणि या सर्व काळात जो भागधारक यत्किंचितही विचार न करता झोपून राहिला, त्याला स्टुअर्टबाईंपेक्षा दर भागी बारा डॉलर अधिक मिळाले. “हे कोणत्या रकान्यात बसते, काका?” असे पुतण्याने एकदा विचारले. काका म्हणाले, “हे कोर्टकचेरीतल्या जमिनीसारखे. वारस टिकला तर मिळते. पण वारसाने टिकायचे म्हणजे तेवढी वर्षे खायचे काय?”

पुतण्याने स्वतः हेरलेली कंपनी मॅसॅच्युसेट्समधील आहे, आणि यकृताच्या एका विकारावर ती औषध शोधते. काकांनी तिची कागदपत्रे पाहून रोकड तीन तिमाहींची असल्याचे सांगितले होते. गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी सकाळी तिच्या दुसऱ्या पायरीवरील चाचणीचा निकाल आला; मुख्य निकष खरोखरीच साधला होता, पोटगट नव्हता, कल नव्हता, आणि भाग दुपारपर्यंत साठ टक्क्यांनी वर गेला होता. पुतण्याने कचेरीतून फोन केला.

“काका, सांगत होतो की नाही? आता तरी घेऊ ना?”

“संध्याकाळपर्यंत थांब.”

“का पण? निकाल तर स्वच्छ आहे.”

“निकाल स्वच्छ आहे म्हणूनच. भाव आलाय, आणि घरात तीन तिमाहींचेच दाणे आहेत. आज रात्री विकायला काढतील.”

बाजार मिटल्यावर तासाभरात कंपनीने नव्या भागांची विक्री जाहीर केली, आणि दुसऱ्या दिवशी ठरलेला दर त्या दुपारच्या भावापेक्षा बराच खाली होता. पुतण्या संध्याकाळी घरी आला तो थोडा वरमून आणि बराचसा प्रभावित होऊन. आता रोकडही आली, औषधही लागू पडले, आणि भावही उतरला, तेव्हा घेण्यास हरकत ती कोणती, असा त्याने मुद्देसूद प्रश्न केला. काकांना त्यात खोट काढता आली नाही.

“नव्या भागांचे माहितीपत्रक निघाले असेल ना?” त्यांनी विचारले.

“निघालंय. एकशे चाळीस पाने आहेत.”

“छापून आण. आणि मोठ्या अक्षरांत नको, आहे तसेच.”